संशोधनाची दीक्षा

कोणतीही विद्या एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे दोन वाटांनीं जाते. एक वाट उपदेशाची आणि दुसरी सहवासाची. व्याकरण, गणित, भूगोल हीं पहिल्या वाटेनें बरींच पुढें जातात. पोहणें, गाणें, रोग्याची नाडी पाहणें हीं दुसऱ्या वाटेवांचून जात नाहींत. पोहण्यावरील ग्रंथ वाचून कोणी नदी तरून गेल्याचें ऐकिवांत नाहीं. पण पाण्यांत ढकलून दिलेला प्रत्येक मनुष्य तरतो असाही अनुभव नाहीं. मग संशोधन ही विद्या कोणत्या जातीची? ती वर्गांत बसवून शिकवितां येते, कीं गुरूजवळ राहून उचलावी लागते, कीं दोन्ही उपाय व्यर्थ असून ती जन्मतःच कोणाला लाभावी लागते?

हा प्रश्न विद्वानांनीं आपसांत सोडवावा, आम्हां गृहस्थांस त्याचें काय, असें एखादा वाचक म्हणेल. परंतु ज्या ज्या घरांतील मुलें-मुली कॉलेजांत जातात त्या प्रत्येक घराशीं त्याचा संबंध आहे. आपल्या मुलांस शिकविणारा अध्यापक स्वतः कांहीं शोधतो, कीं दुसऱ्यांनीं शोधलेलें आणि तेंही शिळें झालेलें वाढतो, यावर त्या मुलांच्या बुद्धीचें पोषण अवलंबून असतें. शिवाय हा प्रश्न वरवर शिक्षणशास्त्राचा दिसत असला तरी मुळांत नीतीचा आहे, असें आम्हांस वाटतें. आणि नीतीचे प्रश्न विद्वानांवर सोपवून स्वस्थ बसण्याचा अधिकार कोणासच नाहीं.

आपल्या देशांतील विद्यापीठांनीं गेल्या चाळीस वर्षांत या प्रश्नाचें उत्तर बहुतेक पहिल्या वाटेच्या बाजूनें दिलेलें आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून १९८७ पासून अध्यापकांच्या प्रशिक्षणासाठीं ठिकठिकाणच्या विद्यापीठांत स्वतंत्र संस्था निघाल्या. पुढें त्यांचीं नांवें बदललीं, काम तेंच राहिलें. पीएच्. डी. साठीं नांव नोंदविणारास संशोधनपद्धतीचा पाठ्यक्रम पुरा करावा लागतो. २०१९ च्या अखेरीस विद्यापीठ अनुदान आयोगानें संशोधन व प्रकाशन यांच्या नीतीचा तीस तासांचा अभ्यासक्रमही आवश्यक केला. तीस तासांत नीति शिकविणार, हें ऐकून हंसूं येणें सोपें आहे. आम्ही हंसत नाहीं. कारण तीस तासांत जें शिकवितां येतें तें शिकविलें जाऊं नये असें म्हणण्यास आमच्याजवळ कारण नाहीं. विचारावयाचें तें एवढेंच, कीं एकतिसाव्या तासास काय होतें?

प्रथम, संशोधन शिकवितां येतच नाहीं असें म्हणणाऱ्यांचा पक्ष ऐकूं. ते राजवाड्यांकडे बोट दाखवितात. इतिहासाचार्य राजवाड्यांस कोणत्या विद्यापीठानें मार्गदर्शक नेमून दिला होता? गांवोगांव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरचीं दप्तरें धुंडाळून त्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला व एकंदर बावीस खंडांपर्यंत ती नेली. ते रामानुजनकडे बोट दाखवितात. मद्रास बंदराच्या कचेरींतील एक कारकून, हातीं एक जुनें सिद्धान्तांचें पुस्तक, आणि वह्यांत उतरविलेलीं अशीं सूत्रें कीं, १९१३ सालीं तीं केंब्रिजच्या हार्डी यांस पत्रांतून पोंचतांच त्यांस ठकविण्याचा कोणी प्रयत्न करीत आहे काय अशी शंका चाटून गेली. अशा पुरुषांस शिकविणार कोण?

परंतु हीच उदाहरणें जरा पुढें नेऊन पाहिलीं म्हणजे तीं उलट बाजूनें साक्ष देतात. १९१४ सालीं रामानुजन केंब्रिजला गेला तेव्हां हार्डींपुढें मोठा नाजूक प्रश्न उभा राहिला. सिद्धता म्हणजे काय याची त्यास पुरती कल्पना नव्हती. ती दिली नाहीं तर त्याचे शोध अर्धेमुर्धे राहणार. ती फार आग्रहानें दिली तर झरा आटण्याची भीति. हार्डींनीं पाठ्यक्रम पुरा करून घेण्याचा हट्ट धरला नाहीं. जेथें अडेल तेथें, जेवढें लागेल तेवढेंच सांगितलें, आणि आपण त्याला शिकविलें त्याहून अधिक त्याच्यापासून शिकलों असें मोकळेपणीं सांगितलें. राजवाड्यांविषयीं म्हणाल, तर ज्या मनुष्यानें एकट्यानें वाट तुडविली त्यासच वाटेची खरी किंमत कळली. १९१० सालीं त्यांनीं पुण्यास मेहेंदळ्यांबरोबर भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलें. एकाकी प्रतिभा पुरेशी असती तर मंडळाची आवश्यकता काय होती?

आतां शिकवितां येणाऱ्या भागाकडे वळूं. तो आपण समजतों त्याहून पुष्कळ मोठा आहे. १८२४ सालीं लीबिग जर्मनींतील गीसन येथें प्राध्यापक झाला, तोंपर्यंत रसायनशास्त्र प्रत्यक्ष हातानें शिकणें म्हणजे एखाद्या मोठ्या शास्त्रज्ञाची मर्जी संपादून त्याच्या खासगी प्रयोगशाळेंत प्रवेश मिळविणें होतें. लीबिगनें बरोबरीनें काम करणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा उभी केली, आणि जें कांहीं भाग्यवंतांस मिळत होतें तें साधारण बुद्धीच्या परंतु कष्टाळू तरुणांसही मिळूं लागलें. आपल्याकडील उदाहरण हवें असेल तर तक्षशिलेचें घ्या. १९४४ सालीं सर मॉर्टिमर व्हीलर हे पुराणवस्तु खात्याचे मुख्याधिकारी होऊन आले आणि त्याच वर्षीं तक्षशिलेस त्यांनीं उत्खननाची शाळा भरविली. मातीचा एक थर दुसऱ्यापासून कसा ओळखावा, खड्ड्याची बाजू सरळ कशी राखावी, थरांचा नकाशा कसा काढावा, खापराच्या तुकड्यावर कोणती खूण लिहून ठेवावी, हें तेथें तरुणांस उन्हांत उभें करून शिकविलें गेलें. त्यांपैकीं बी. बी. लाल हे पुढें त्याच खात्याचे मुख्याधिकारी झाले. व्हीलर यांच्याच हाताखालीं इंग्लंडांतील एका उत्खननावर पूर्वीं काम केलेले डॉ. सांकळिया १९३९ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत आले, व त्यांनीं तेथें पुरातत्त्वाची एक परंपराच निर्माण केली. मातीचे थर वाचणें ही प्रतिभा नव्हे, ती संवय आहे. आणि संवय लावतां येते.

याहून बोलकें उदाहरण पुण्याच्याच भांडारकर संस्थेचें आहे. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर हे केंब्रिजला गणित शिकून पुढें बर्लिनला ल्यूडर्स यांच्याजवळ ग्रंथसंशोधनशास्त्र शिकलेले. १९२५ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें संपादन त्यांच्याकडे आलें. शेंकडों हस्तलिखितें, देवनागरी, बंगाली, शारदा, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्यांत लिहिलेलीं. एकेका श्लोकासाठीं चौकोन आखलेला स्वतंत्र कागद, आणि प्रत्येक प्रतींतील भेद अक्षराखालीं अक्षर या रीतीनें त्यावर उतरवावयाचा. हें काम करणारे शास्त्री व पदवीधर बहुधा जगाला अज्ञातच राहिले. परंतु त्या आखीव कागदांनीं त्यांस जें शिकविलें तें व्याख्यानांनीं शिकविलें नसतें. आपणांस आवडलेला पाठ खरा मानावयाचा नाहीं, प्रतींनीं दाखविलेला खरा मानावयाचा, हें तें शिक्षण होय. आदिपर्व १९३३ सालीं पुरें झालें. सुकथनकर १९४३ सालीं वारले. काम अर्ध्यावरही आलें नव्हतें. तरी तें थांबलें नाहीं. बेलवलकर, त्यांच्यामागून वैद्य, अशा हातांतून जात १९६६ सालीं तें तडीस गेलें. पद्धति ही अशी वस्तु आहे कीं, शिकविणारा गेला तरी ती मागें राहते. प्रशिक्षणाच्या बाजूनें याहून मोठा पुरावा आम्हांस ठाऊक नाहीं.

मग सहवासाची आवश्यकता कोठें उरते? ती उरते प्रश्न निवडण्यांत, आपल्याच उत्तराचा संशय घेण्यांत, आणि हातचें सोडून देण्याच्या धैर्यांत. हॅन्स क्रेब्ज या नोबेल पारितोषिक मिळविलेल्या शास्त्रज्ञानें एकदां आपली गुरुपरंपरा मांडून दाखविली होती. क्रेब्जचा गुरु वॉरबर्ग, त्याचा एमिल फिशर, त्याचा बायर, त्याचा केकुले, आणि केकुले हा वर सांगितलेल्या लीबिगच्या गीसन येथील विद्यार्थ्यांपैकीं. या मालिकेंतील बायर, फिशर, वॉरबर्ग व क्रेब्ज या चौघांनाही नोबेल पारितोषिक मिळालें. शंभर वर्षांत रसायनशास्त्रांतील माहिती, उपकरणें, सिद्धान्त सर्व कांहीं पालटलें होतें. लीबिगचें ज्ञान क्रेब्जच्या फारसें उपयोगी नव्हतें. तरी कांहीं तरी एका हातांतून दुसऱ्या हातांत गेलें. तें ज्ञान नव्हे, कसोटी होती. काय पुरेसें आणि काय अपुरें हें ठरविण्याची सक्त नजर. ती कोणत्याही पाठ्यक्रमांत छापलेली नसते. गुरु स्वतःचें लिहिलेलें पान फाडून टाकतो हें शिष्यानें डोळ्यांनीं पाहावें लागतें.

येथें एका गोष्टीचा विसर पडूं देतां कामा नये. सहवासाची वाट जितकी परिणामकारक तितकीच धोक्याची आहे. आपल्या समाजांत गुरुभक्ति ही सद्गुणांत गणली जाते, आणि ज्ञानसंपादनाच्या आरंभीं ती खरोखर सद्गुण आहेही. परंतु संशोधनांत ती एका मर्यादेपुढें दुर्गुण ठरते. याचें उत्तम उदाहरण आपल्याच घरचें आहे. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनला मानववंशशास्त्र शिकावयास गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे त्या काळीं त्या शास्त्रांतले बडे अधिकारी. वंशावंशांतील उच्चनीचतेच्या कल्पनेस शास्त्राचा वेष चढविणाऱ्यांत त्यांची गणना होते. मनुष्याच्या कवटीच्या दोन बाजूंतील असमानता गोऱ्या वंशांत अधिक आढळेल व तिचा संबंध बुद्धीशीं जोडतां येईल, अशी त्यांची अटकळ होती. ती तपासण्याचें काम एका परदेशी, परवर्णी, तरुण विद्यार्थिनीकडे आलें. इरावतीबाईंनीं कवट्या मोजल्या, आणि असमानतेचा वंशाशीं कांहीं संबंध दिसत नाहीं असें प्रबंधांत लिहिलें. त्या विदेशांत, त्या वर्षांत, त्या गुरूपुढें हें लिहिणें म्हणजे काय याचा विचार वाचकांनींच करावा. फिशर यांनीं मोजण्याची कला शिकविली होती. मोजमाप आलें तसें सांगण्याचें धैर्य शिष्येनें कोठून तरी दुसरीकडून आणलें होतें. शिष्याकडून पराभव व्हावा अशी इच्छा धरण्यास आपल्या पूर्वजांनीं सांगून ठेविलें आहे. ती इच्छा नसलेला गुरु शिष्यास कारागीर करूं शकेल, संशोधक करूं शकणार नाहीं.

आतां आपल्या आजच्या स्थितीकडे या दृष्टीनें पाहूं. २०१० सालीं अनुदान आयोगानें अध्यापकाच्या बढतीस गुणांकांची पद्धति लावली. इतके निबंध, इतके गुण. हेतु वाईट नव्हता. वर्षानुवर्षें त्याच पिवळ्या पडलेल्या टांचणांवर शिकविणारा अध्यापक जागा व्हावा एवढाच तो होता. परंतु जेथें निबंधांची मागणी वाढते तेथें ते छापणारे दुकानदारही निर्माण होतात. पैसे भरा आणि चार दिवसांत छापून घ्या अशा नियतकालिकांचें पीक आलें. त्यास आळा घालण्याकरितां २०१८ सालीं उसनवारीविरुद्ध नियम झाले, मान्य नियतकालिकांची यादी झाली. कॉलेजांतील अध्यापकांच्या बाबतींत संशोधनाची अट बरीच सैल करण्यांत आली. २०२२ सालीं पीएच्. डी. पूर्वीं निबंध छापण्याची सक्ति गेली. आणि २०२५ सालीं ती यादीही रद्द झाली. नियम येतात, नियम जातात. आम्ही नियम करणाऱ्यांस दोष देत नाहीं. ज्या गोष्टीचें मूळ मनाच्या संवयींत आहे तिची मशागत नियमांनीं होत नाहीं एवढेंच यावरून दिसतें.

एक उदाहरण कल्पूं. समजा, एका तालुक्याच्या गांवीं कॉलेजांत मराठी शिकविणाऱ्या एक बाई आहेत. आठवड्याचे तास, परीक्षांचे पेपर, घरचें सर्व, हें सांभाळून त्या एका बखरीवर प्रबंध लिहीत आहेत. ती बखर समजली जाते त्याहून पन्नास वर्षें जुनी आहे असें त्यांच्या मार्गदर्शकांनीं पूर्वींच एका लेखांत सुचविलेलें आहे. चार वर्षें भाषा, अक्षर, कागद, उल्लेख तपासल्यावर बाईंस असें दिसतें कीं, बखरीचा काल उपलब्ध पुराव्यावरून ठरतच नाहीं. मुदत जवळ आली आहे. बढती, पगार, मुलाचें शिक्षण तीवर अवलंबून आहे. मार्गदर्शक दुष्ट नाहींत. उलट मायाळू आहेत. ते म्हणतात, “बाई, एवढे कष्ट केलेत, ‘ठरत नाहीं’ म्हणून कोण पदवी देणार? ‘बहुधा जुनी असावी’ असें लिहा. कोणाचें काय नुकसान होणार आहे?”

या प्रश्नाला उत्तर दिलें पाहिजे. तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. नुकसान खरोखरच दिसत नाहीं. बखर लिहिणारा केव्हांच गेला. प्रबंध कपाटांत जाईल. उलट सत्य लिहिलें तर एका कष्टाळू स्त्रीचें व तिच्या घराचें होणारें नुकसान डोळ्यांपुढें आहे. सुखदुःखाचा हिशेब करणाऱ्या नीतिशास्त्रज्ञाच्या तराजूंत पारडें मार्गदर्शकांच्या बाजूसच झुकेल.

परंतु या हिशेबांत एक रक्कम धरलेली नाहीं. उद्यां या बाई स्वतः मार्गदर्शक होतील. त्यांच्यापुढें दुसरा तरुण अध्यापक बसेल आणि त्याच्याही हाताशीं न ठरणारें उत्तर असेल. त्या वेळीं बाई त्यास काय शिकवितील? संशोधनपद्धतीच्या वर्गांत ऐकलेलें सर्व त्यांच्या वहींत असेल. पण त्या मोहाच्या क्षणीं त्यांस आठवेल तें गुरूचें वाक्य. दीक्षा दिलीच गेली आहे. लोक समजतात कीं, मार्गदर्शन चांगलें झालें तर कांहीं तरी संक्रांत होतें आणि वाईट झालें तर कांहींच होत नाहीं. तसें नाहीं. सहवासांतून कांहीं ना कांहीं संक्रांत होतच असतें. प्रश्न एवढाच कीं काय. लीबिगची सक्त नजर जशी पांच पिढ्या चालली तशी ‘बहुधा’ हा शब्दही पांच पिढ्या चालूं शकतो. म्हणून बाईंनीं ‘ठरत नाहीं’ हेंच लिहावें असें आमचें मत आहे.

पण येथेंच थांबलों तर आम्ही अन्याय करूं. सत्याची किंमत सर्वांत दुर्बळ मनुष्यानें भरावी आणि सबळांनीं त्याच्या धैर्याची स्तुति करावी, ही नीति नव्हे. ती किंमत मार्गदर्शकानें आपल्या अंगावर घेतली पाहिजे. न ठरलेल्या कालाचा नेटका पुरावा हाही शोधच आहे, त्यानें पुढील दहा जणांची दिशाभूल टळते, हें परीक्षकांस व विद्यापीठास ठणकावून सांगण्याचें काम त्याचें आहे. आणि ज्या मताविरुद्ध निर्णय गेला तें मत आपलेंच होतें, हेंही त्यानेंच प्रथम सांगावें. विद्यार्थ्याचा निबंध न वाचतां त्यावर आपलें नांव घालणारा आणि अडचणीच्या वेळीं त्यावरून नांव काढून घेणारा, हे दोघेही सारखेच अपराधी होत. मार्गदर्शक हें पद मानाचें नसून जामिनाचें आहे. तसेंच विद्यापीठाकडूनही एक देणें आहे, तें म्हणजे सवड. अठरा तास शिकवावयास लावून उरलेल्या वेळांत शोध लावा म्हणणें आणि मग प्रशिक्षणाचे आठ दिवस देणें, हें उपाशी मनुष्यास पाकशास्त्रावरील व्याख्यान देण्यासारखें आहे.

प्रत्येक अध्यापकानें संशोधन केलेंच पाहिजे काय, असा शेवटचा प्रश्न राहतो. आमच्या मतें येथें दोन गोष्टींची गल्लत होते. जें शिकवावयाचें तें मुळाशीं जाऊन तपासण्याची वृत्ति प्रत्येक अध्यापकास हवी. तींत सूट नाहीं. परंतु दर वर्षीं कांहीं तरी छापून काढण्याची सक्ति कोणावरच नसावी. पहिली गोष्ट शिक्षकाच्या धर्माचा भाग आहे, दुसरी केवळ तिचें एक संभाव्य फळ. फळ मोजून झाडाची निगा राखणारा माळी फळें बाजारांतून आणून फांद्यांस बांधूं लागला, तर दोष झाडाचा नव्हे.

आणि उपाय फार दूरचा नाहीं. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या पाक्षिक सभांत सभासदांनीं आपलें टिपण वाचावें आणि इतरांनीं त्यावर तुटून पडावें अशी चाल पडली होती. तेथें पदवी नव्हती, गुणांक नव्हते. प्रौढ, तरुण, वकील, शाळामास्तर एकाच सतरंजीवर बसत. असल्या बैठकी प्रत्येक कॉलेजांत महिन्यांतून एकदां भरविण्यास आयोगाची परवानगी लागत नाहीं. चार अध्यापक, एक अपुरें टिपण, आणि ‘हें कशावरून?’ असें विचारण्याची मोकळीक, एवढें भांडवल पुरे. वडील अध्यापकांनीं तेथें आपलें पक्कें झालेलें काम वाचूं नये. अडलेलें वाचावें, व तरुणांकडून त्याची चिरफाड होऊं द्यावी. प्रशिक्षणाचे वर्ग खुशाल चालोत. हत्यारें त्यांतूनच हातीं येतात. पण तीं हत्यारें कोणत्या कामास लावावयाचीं हें तरुण मनुष्य वडिलांच्या तोंडाकडे पाहून नव्हे, त्यांच्या हातांकडे पाहून शिकतो. पन्नाशी उलटलेल्या आम्हां अध्यापकांवरची जबाबदारी ती हीच, आणि ती कोणत्याही नव्या नियमानें कमी व्हावयाची नाहीं.